भेट

मराठीत ‘भेट’ हा एकच शब्द दोन कामे करतो. आपण कोणाला भेटतो ती भेट, आणि कोणाच्या हातावर काही ठेवतो तीही भेट. इंग्रजीला या दोन गोष्टींसाठी दोन निरनिराळे शब्द लागतात. आपले एकावर भागते. आपल्या माणसांत हा शब्द काही घोटाळा करीत नाही. आज आपण पेढे घेऊन गेलो तर उद्या ते आंबे घेऊन येतात, आणि वर्षाअखेर हिशेब मांडायला बसले तर देणारा कोण आणि घेणारा कोण हे सांगता येऊ नये, इतके सगळे मिसळून गेलेले असते. घोटाळा सुरू होतो तो भेट एकाच बाजूने जाऊ लागली म्हणजे.

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात नाशिकहून पेठ, सुरगाणा, हरसूल या बाजूंना गाड्या निघतात. कोणाचे भजनी मंडळ असते, कोणाची भिशी, कोणी बँकेतले सहकारी, कोणी एका शाळेचे जुने विद्यार्थी. गाडीत फराळाचे डबे, वह्या, कपडे, पणत्या असे सामान असते. आश्रमशाळांना दिवाळीची सुटी लागण्याआधी तिथे पोचायचे, मुलांना लाडू-चिवडा वाटायचा, मुलांची गाणी ऐकायची, सर्वांचा मिळून एक फोटो काढायचा आणि दिवेलागणीच्या आत घाट ओलांडून घरी यायचे, असा हा कार्यक्रम असतो. पूर्वी याला ‘फराळवाटप’ म्हणत. अलीकडे त्याला एक भारदस्त नाव मिळाले आहे: ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’. मी अशा मंडळींबरोबर दोन-तीनदा गेलो आहे आणि दर वेळी त्या जोडशब्दातल्या दुसऱ्या अर्ध्या भागाशी अडखळलो आहे. देवाण तर झाली. घेवाण कुठे आहे?

ऐन सणात हा माणूस तोंड कडू करायला बसला, असे वाचकांनी समजू नये. मला लाडू आवडतात, आणि लाडू देणारेही आवडतात. पण दिवाळी हाच असा सण आहे की ज्यात आपण सर्वांत जास्त देतो-घेतो. तेव्हा देण्याघेण्याविषयी दोन शब्द बोलायचे तर ते याच दिवसांत बोलावेत.

नाशिक म्हटले की बाहेरच्या माणसाला गोदाकाठ आठवतो, काळाराम आठवतो, द्राक्षे आठवतात. पण २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची वस्ती ६१ लाखांवर भरली, तीतला सुमारे चौथा हिस्सा आदिवासी आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर, भिल अशी ही माणसे बहुतेक पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात राहतात. पेठच्या रस्त्याला लागले, रामशेज मागे पडला, सावळघाटाची वळणे संपली, की मुलूख बदलतो. इकडचे पाणी गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला जाते, तिकडचे दमणगंगा, नार, पार या नद्यांतून पश्चिमेला. पावसाळ्यात तिकडे आभाळ फाटल्यासारखे कोसळते आणि चैत्र-वैशाखात त्याच पाड्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन झिऱ्याच्या वाटेला लागलेल्या असतात. या भागात शिक्षण पोचवण्यासाठी दादासाहेब बिडकरांनी १९३७ साली डांग सेवा मंडळ काढले. तिथल्या आश्रमशाळा आपल्या शाळांसारख्या फक्त दिवसा भरत नाहीत. मूल तिथेच जेवते, तिथेच झोपते, आणि आईबाप पोटामागे घाटाखाली गेले तरी त्याचा वर्ग चालू राहतो.

अशाच एका शाळेतली गोष्ट सांगतो. आमचे स्वागत झाले. मुलींनी गीत म्हटले, मुलांनी पावरीच्या सुरावर नाच केला. भोपळ्याचे ते लांबलचक वाद्य एका लहानशा मुलाने छाती भरून फुंकले तेव्हा आमच्यातल्या सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मग आमच्या बाजूची देवाण झाली. एका बाईंनी स्वच्छतेचे महत्त्व सांगितले, एका गृहस्थांनी जिद्दीचे सांगितले, आमच्याबरोबरच्या मुलांपैकी एकाने इंग्रजी कविता म्हणून दाखवली. त्यांनी आम्हांला नाच दिला, आम्ही त्यांना उपदेश दिला. या वाटणीत काही विशेष आहे असे कोणालाच वाटले नाही. आपण नाच करावा आणि त्यांनी आपल्याला चार गोष्टी सांगाव्यात, अशी उलटी वाटणी कोणी सुचवली असती तर मात्र सगळे हसले असते. त्या हसण्यात कार्यक्रमाचे सगळे सार आले असते.

नंतर पंगती बसल्या. माझी नात एका मुलीशेजारी जाऊन बसली. दोघी दहा-अकरा वर्षांच्या. मुलांना मोठ्या माणसांसारखी प्रस्तावना लागत नाही. नातीने विचारले, “तू नाशिक पाहिलंस का कधी?”

“पाहिलंय. दोनदा.”

“काय पाहिलंस?”

“द्राक्षं.”

नातीला वाटले, सहल असेल. मुलीने नीट समजावून सांगितले. शाळेत घालण्याआधी ती आईबापांबरोबर दिंडोरीकडच्या बागेत राहत असे. आई छाटणीनंतर काड्यांना पेस्ट लावायला जायची, मग फेलफूट काढायला, मग घडांच्या डिपिंगला. ही बांधावर धाकट्या भावाला सांभाळायची. एकदा तीन महिने, एकदा त्याहून जास्त. एवढे सांगून झाल्यावर तिने विचारले, “तुम्ही किती दिवस राहणार आहात?” नात म्हणाली, “आम्ही संध्याकाळी जाणार.” मुलगी “बरं” म्हणाली आणि लाडू खाऊ लागली.

त्या ‘बरं’मध्ये तक्रार नव्हती. मुलीने आपल्या परीने दोन मुक्कामांची तुलना केली आणि ती सोडून दिली. पण मला ती सोडता आली नाही. आम्ही सगळे त्या शाळेत ‘दूरच्या लोकांना भेटायला’ म्हणून गेलो होतो. आणि ते दूरचे लोक तर दर वर्षी आमच्याकडे येत होते, चांगले महिनोन्‌महिने राहत होते! छाटणीचा हंगाम आला की पेठ-सुरगाण्याहून टोळ्या उतरतात, दिंडोरी-निफाडच्या बागांत पसरतात. कांदालागणीला येतात, पुढे खुड्याला येतात. नेदरलँड्सपर्यंत जाणाऱ्या आपल्या द्राक्षांच्या घडावर त्यांचे हात फिरलेले असतात. आम्ही वर जातो त्याला भेट म्हणतात, ते खाली येतात त्याला मजुरी म्हणतात. आम्ही पाच तास थांबलो तर फोटो निघतो, ते पाच महिने थांबले तर त्यांची नोंद मुकादमाच्या वहीत उचल म्हणून होते. हे अंतर किलोमीटरचे म्हणावे तर दोन्ही वेळा रस्ता तोच असतो.

इथे मला नीतीचा खरा प्रश्न दिसतो. दोन माणसे समोरासमोर आली म्हणजे भेट होते का? की भेट होण्यासाठी आणखी काही लागते? लागत असेल तर माझ्या मते ते हे: पाहुणा होण्याचा आणि यजमान होण्याचा हक्क दोघांनाही पाहिजे. ज्याला फक्त यजमान होता येते, त्याच्या अंगणात येऊन सगळे पाहून जातात. ज्याला फक्त पाहुणा होता येते, त्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताकडे पाहावे लागते. दोन्ही आळीपाळीने व्हायला मिळाले तरच बरोबरीचे नाते जमते.

आणि यजमानाचा एक मोठा हक्क म्हणजे प्रश्न विचारण्याचा. या संदर्भात मला फ्रेंच निबंधकार मोंतेन याने सांगितलेली हकीगत आठवते. १५६२ साली ब्राझीलमधले तीन मूळ रहिवासी फ्रान्सच्या रुआँ शहरात आले होते. राजा नववा चार्ल्स त्यांच्याशी बोलला. त्यांना शहराचा थाटमाट दाखवण्यात आला. मग कोणीतरी एक अपूर्व गोष्ट केली: तुम्हांला इथे सर्वांत नवल कशाचे वाटले, असे त्यांना विचारले. त्यांनी सांगितलेल्यांपैकी दोन गोष्टी मोंतेनला आठवत होत्या. एक, एवढे धिप्पाड, दाढीवाले, हत्यारबंद लोक एका पोराची आज्ञा पाळतात, हे आश्चर्य; राजा तेव्हा बारा वर्षांचा होता. दुसरी, इथे काही माणसे तुडुंब भरलेली आहेत आणि काही त्यांच्याच दारात भुकेने वाळली आहेत, तरी ही वाळलेली माणसे ते सहन कसे करतात? मोंतेनने १५८० साली हे छापले, आणि साडेचारशे वर्षे युरोप त्या उत्तराने अस्वस्थ होत आला आहे. पण मला कौतुक वाटते ते उत्तराइतकेच त्या प्रश्नाचे. आपल्या घरात आलेल्या माणसाला आपले घर कसे दिसते, हे विचारायला छाती लागते. आपण आश्रमशाळेतल्या मुलांना ‘तुला मोठेपणी कोण व्हायचे आहे’ असे विचारतो. ‘आमच्या बागेत तू राहिलीस, तुला आम्ही कसे दिसलो?’ असे विचारत नाही. उत्तर ऐकायची आपली तयारी नसते.

जगात सगळीकडे हे असेच चालते. अरबस्तानातल्या बदूंचे उदाहरण घ्या. वाळवंटात उंट-मेंढ्यांमागे हिंडणारे हे लोक. अलीकडे परदेशी पाहुण्यांना त्यांच्या तंबूत नेतात, कॉफी पाजतात, एखादी आडवळणाची शाळाही दाखवतात. जॉर्डनमधल्या पेत्रा आणि वादी रम भागातल्या बदूंची संस्कृती युनेस्कोच्या वारशाच्या यादीत २००८ साली दाखल झाली. यादीत जाणे वाईट नाही; पण तेवढ्याने कोणाची ओळख होत नाही. त्या बदूंचा स्वतःचा आतिथ्यधर्म मात्र कोणत्याही यादीहून खोल आहे. दारी आलेल्या माणसाला तीन दिवस ठेवून घ्यायचे, आणि या मुदतीत तू कोण, कशाला आलास, असे विचारायचे नाही, अशी त्यांची जुनी रीत. वाळवंटात आज जो यजमान आहे तो उद्या तहानेला होऊन दुसऱ्याच्या तंबूशी उभा राहणार असतो. हे ज्याला पक्के ठाऊक आहे, तो पाहुण्यावर उपकार केल्यासारखा वागत नाही. आपल्याकडेही ‘अतिथी’ शब्दाची फोड ज्याला तिथी नाही तो, अशीच करतात. आपली मोटार मात्र तिथी ठरवून, आधी कळवून, फलक छापून जाते. अतिथी म्हणावेत असे खरे कोण, तर छाटणीच्या दिवसांत रात्री-बेरात्री टेम्पोतून उतरणारे ते लोक. त्यांना आपण तीन दिवस काहीही न विचारता ठेवून घेत नाही. पहिल्याच सकाळी एकराचा भाव ठरवतो.

मग शहरातल्या माणसाने तिकडे जाऊच नये काय? तसे नाही. कसे जावे, याचा एक धडा आपल्याच मुलखात, डोंगराच्या पलीकडच्या उतारावर आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली ते काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत गेले. ताराबाई भावनगरला गिजुभाईंच्या सहवासात तयार झालेल्या, मॉन्टेसोरीच्या पद्धतीत मुरलेल्या. पण इथे त्या पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती. तेव्हा त्यांची जागा खडे, बिया, पाने, शंख-शिंपल्यांनी घेतली. मुले शाळेत येईनात म्हणून शाळा वस्तीच्या अंगणात भरू लागली. पुढे १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतून ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोचला. मोठी मुले गुरांमागे जात, म्हणून शाळा त्यांच्यामागे कुरणात गेली, तिचे नाव कुरणशाळा. या बायकांनी मुलांना दिले पुष्कळ, पण त्याआधी मुलांकडून एक गोष्ट घेतली: शाळा कुठे आणि कशी भरावी, हे मुलांच्या दिवसाने ठरवू दिले. अनुताई १९९२ साली वारल्या, तोवर कोसबाडशी बांधलेल्या राहिल्या. याला मी देवाणघेवाण म्हणेन. हिच्यात दोन्ही बाजू बदलल्या.

आता दुसरीकडचा खड्डाही दाखवला पाहिजे. ‘घेवाण’ म्हटले की आपल्यातले काही जण एकदम भाविक होतात: या लोकांजवळच खरी संस्कृती आहे, ती त्यांनी जपावी, आपल्या शिक्षणाने ते बिघडतील! त्या शाळेतले गुरुजी स्वतः त्याच तालुक्यातल्या पाड्यावर वाढलेले. असे बोलणे निघाले तेव्हा ते हसून म्हणाले, “काका, आमचं जुनं जपा असं सांगणारे सगळे नवं घालून येतात.” या वाक्यावर काही बोलता येण्यासारखे नव्हते. रात्री साप चावला तर दवाखाना जवळ हवा, नळाला पाणी हवे, मुलगी नर्स व्हावी, मुलगा पोलिसात लागावा, हे त्यांनाही हवे आहे. त्यांची गरिबी हा आपल्या डोळ्यांना सुखावणारा देखावा होऊ नये.

मग घ्यायचे काय? गुरुजींनीच वर्गात दाखवले. पावसाच्या सुरुवातीला उगवणाऱ्या रानभाज्या कोणाला सांगता येतील, असे त्यांनी विचारले, आणि इतका वेळ स्वच्छतेच्या भाषणाखाली मान घालून बसलेल्या वर्गात एकदम गलका झाला. लोत, कुरडू, टाकळा, चाई, शेवळी! शेवळी कशी रांधायची, हे एका मुलाने आम्हांला शिकवले: नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून तिच्यात काकडाची आंबट फळे घालायची, आणि शेवळी उगवते त्याच सुमाराला काकडालाही फळे आलेली असतात. कडूकंद राखेत उकडून वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खायचा नाही, हे दुसऱ्याने सांगितले. आमच्यातल्या एका बाईंनी वही काढून ते लिहून घेतले. दिवसभरात आमच्यापैकी कोणी काही लिहून घ्यावे असा तो पहिला प्रसंग. मुलांनी ते पाहिले, आणि त्यानंतर ती आमच्याशी निराळ्या आवाजात बोलू लागली.

मग वाघबारशीचा विषय निघाला. आश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस करतो, गाय-वासराची पूजा करतो. त्याच तिथीला डोंगरातले लोक वाघदेवाची पूजा करतात. सूर्य, चंद्र, नाग आणि वाघ कोरलेला लाकडाचा किंवा दगडाचा पाट, त्याला शेंदूर. गुराख्यांचा हा मोठा सण. मी विचारले, वाघाची पूजा कशाला? एक मुलगा म्हणाला, “त्याला सांगायचं, तुझा वाटा तुला दिला, आमची गुरं सोड.” एकाच दिवशी आपण दूध देणारीला नमस्कार करतो आणि ते गुरे नेणाऱ्याशी करार करतात. आपली कृतज्ञता गोड आहे, पण तिला दुसऱ्याच्या वाट्याची आठवण फारशी राहत नाही. रानात आपल्याखेरीज आणखी कोणाचा हिस्सा आहे, तो कबूल केल्यावाचून आपले गोठे सुरक्षित नाहीत, हा विचार मला त्या मुलाकडून मिळाला. माझ्या फराळाच्या डब्याहून तो काही हलका नव्हता.

एक स्नेही या माझ्या बोलण्यावर चिडतात. ते म्हणतात, “तुमचे तत्त्वज्ञान बाजूला ठेवा. त्या दिवशी दोनशे पोरांच्या तोंडात लाडू गेला, त्यात वाईट काय?” काहीच वाईट नाही. लाडवाला माझी हरकत नाही. तो नेऊ नये असे मी म्हटले तर तो कोरडा शहाणपणा होईल, आणि नुकसान मुलांचे होईल. माझे म्हणणे इतकेच की लाडू दिल्याने आपल्याला जे समाधान वाटते ते फार लवकर वाटते. ते समाधान घेऊन आपण घाट उतरतो आणि त्याच मुलांच्या आईबापांच्या उचलीचा, त्यांच्या झोपडीत दिवा आहे की नाही याचा, बांधावर बसलेल्या पोराच्या शाळेचा विचार त्या समाधानाखाली झाकला जातो. जे दिले ते चांगलेच. पण दिल्यामुळे जे विचारायचे राहून गेले त्याची भरपाई लाडू करीत नाही. शिवाय घेणे हे देण्याहून अवघड आहे. देताना आपण उभे असतो. घेताना खाली बसावे लागते, समोरच्याच्या भांड्यातले, त्याच्या चवीचे, खावे लागते. त्या शाळेत आम्ही आमचाच डबा आमच्याच पेल्यातल्या पाण्याबरोबर खाल्ला. स्वयंपाकघरात नागलीच्या भाकरी थापल्या जात होत्या. त्यांचा वास आला, आग्रहही झाला, पण परतायची घाई होती.

या दिवाळीत ज्यांची गाडी वर जाणार आहे त्यांनी जरूर जावे. जमल्यास एक रात्र राहावे, ती भाकरी खावी, काय आणू म्हणून गुरुजींना आधी विचारावे, आणि येताना तिथल्या मुलांना शहरातल्या आपल्या घरी चार दिवस राहायला बोलवावे. आपल्या मुलांच्या पलंगाशेजारी त्यांचेही अंथरूण घालावे. पण घाट चढणे न जमणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांना तर काम अधिक सोपे आहे. आपल्या वाचकांपैकी कित्येकांचे मामा, मेहुणे, व्याही दिंडोरी-निफाडकडे बागाईतदार असतील. पाडव्याला किंवा भाऊबीजेला आपण त्यांच्याकडे जातोच. बागेच्या कडेला, ताडपत्रीच्या आडोशाला, दिवाळी करून परत आलेली किंवा छाटणी उरकली नाही म्हणून गावी गेलीच नाही अशी एखादी टोळी असते. तिकडे डबा घेऊन जावे आणि तो देऊन लगेच वळू नये. त्यांनी पोते अंथरले तर त्यावर बसावे, कोरा चहा पुढे केला तर घ्यावा, आणि त्यांनी आपल्याला काही विचारले तर त्याचे सरळ उत्तर द्यावे.